पोरीला रसायन शिकवून मिळते काय?

वैशाखातली गोष्ट. आमच्या पिशोरला एका शेतकऱ्याच्या घरी थोरल्या लेकीचे लग्न निघाले होते. हळद लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, काही लागले-सवरले तर पाहावे म्हणून मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. अंगणात धाकटी लेक हळदीचे कपडे धूत होती. तिने पांढऱ्या धोतराला साबण लावला मात्र, पिवळा डाग एकाएकी लाल झाला. शेजारची म्हातारी दचकून म्हणाली, "अगं बाई, रक्त कशाचं गं हे?"

"रक्त नाही आजी, हळदच आहे. साबण लागला की लाल होते. लिंबू लावलं की पुन्हा पिवळी." आणि पोरीने घरातून लिंबाची फोड आणून डागावर चोळली. डाग पिवळा झाला. म्हातारी बराच वेळ त्या धोतराकडे बघत राहिली.

पोरीचा बाप माझ्याशेजारीच बसला होता. बारावीचा निकाल नुकताच लागला होता. तो म्हणाला, "मास्तर, हिला रसायनात चांगले मार्क पडलेत. आता म्हणते, कन्नडला नाही तर संभाजीनगरला जाऊन बी.एस्सी. करीन, अन् रसायनच घेईन. आमचा भाऊ म्हणतो, कशाला? पुढल्या साली हिचंही उरकून टाकू. तुम्ही जन्मभर तेच शिकवलं. खरं सांगा, रसायन शिकून माणसाला मिळतं काय?"

"नोकरी लागेल," मी म्हणालो.

"नोकरी तर कापडाच्या दुकानातबी लागते," तो म्हणाला, आणि पंगतीचे पाहायला उठून गेला.

त्याचे बरोबर होते आणि माझे चुकले होते. बत्तीस वर्षे पोरांना हा विषय शिकवला, हातावर डाग पाडून घेतले, आणि एका साध्या शेतकऱ्याने विचारले तेव्हा मला नोकरीपलीकडे काही सुचू नये! त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याला तेव्हा जे सांगायला हवे होते, ते आता इथे लिहितो आहे. ज्यांच्या घरात असाच प्रश्न पडला असेल, त्या मायबापांनीही ते वाचावे.

दारात अडवलेली मुलगी

दुर्गाबाई भागवतांचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या आणि आणीबाणीविरुद्ध त्यांनी निर्भयपणे आवाज उठवला. त्यांची धाकटी बहीण कमला मात्र तेवढी कोणाला ठाऊक नाही. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. जन्म १९११ सालचा. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव, दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगलोरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकून आलेले. म्हणजे जसे आपल्या घरात पोराच्या हातात आधी औत येते, तसे त्या घरात रसायन होते.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. झाल्या. मुख्य विषय रसायनशास्त्र. वडील आणि चुलते जिथे शिकले त्याच बंगलोरच्या संस्थेत पुढे शिकावे म्हणून त्यांनी अर्ज केला. तेव्हा तिथे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. १९३० सालचे नोबेल पारितोषिक मिळालेले, साऱ्या देशाने ज्यांना डोक्यावर घेतले ते रामन. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्ज मुलीचा होता.

दुसरी एखादी रडून गप्प बसली असती. कमलाबाई उठल्या आणि थेट बंगलोरला गेल्या. मी मुलगी आहे म्हणून मला नाही म्हणता, तर हा अभ्यासक्रम मी उत्तम रीतीने पुरा करून दाखवते, असे त्यांनी रामन यांना सुनावले. दिवस गांधीजींचे होते. त्यांनी दाराशी सत्याग्रह केला असेही सांगतात. शेवटी रामन नमले, पण अटी घातल्या. पहिले वर्ष तुला रीतसर विद्यार्थिनी मानणार नाही. मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम करावे लागेल. आणि तुझ्यामुळे तिथल्या मुलांचे चित्त विचलित होता कामा नये.

वाचकहो, या तिसऱ्या अटीवर मी काही लिहीत नाही. आपल्या घरातल्या लेकी-सुना त्यावर काय म्हणतील ते त्यांनाच विचारा.

त्यांचे मार्गदर्शक श्रीनिवासय्या हे कडक शिस्तीचे, पण मनाने सरळ होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दुधातल्या आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केले. १९३६ साली त्यांनी एम.एस्सी. विशेष प्रावीण्याने मिळवली. त्यांचे काम पाहून रामन यांनी संस्थेचे दार मुलींना उघडले. पुढे म्हातारपणी कमलाबाई मोकळेपणाने म्हणत की तो अपमान विसरता येत नाही. पण मला यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. एवढा नोबेलवाला माणूस, त्याचे मत कशाने पालटले? भांडणाने दार किलकिले झाले, इतकेच. ते उघडले ते परीक्षानळीतल्या निकालाने. नळीतल्या द्रवाला समोर बाई आहे की बाप्या, बामणाची आहे की कुणब्याची, हे कळत नाही. तुम्ही नीट केले तर निकाल येतो, चुकलात तर येत नाही. गावगाड्यात जन्म काढलेल्या माणसाला हे केवढे सुख आहे, ते मी माझ्या अनुभवाने सांगतो.

बटाट्याचा श्वास

त्यानंतर कमलाबाई विलायतेला केंब्रिजला गेल्या. तिथे जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल नोबेल मिळवलेले हॉपकिन्स यांची जीवरसायनाची प्रयोगशाळा होती. तिथे त्यांनी बटाटा हाती घेतला. हो, बटाटाच.

ह्याचे मर्म आपल्या मक्यावरून समजून घेता येईल. मका खुडून आणला, नीट वाळवला नाही आणि तशीच रास घातली, तर चार दिवसांनी राशीत हात घालून पाहा. आत ऊब लागते. कधी हात भाजेल इतकी. बुरशीही त्यात हातभार लावते, पण दाणाही जिवंत असतो. तो श्वास घेतो. हवेतला प्राणवायू घेऊन आपल्या पोटातली साखर जाळतो आणि उष्णता बाहेर टाकतो. अढीतला बटाटा, चाळीतला कांदा, बियाण्यासाठी ठेवलेले आले, सगळ्यांचे हेच. आता प्रश्न असा की पेशीच्या आत हा प्राणवायू वापरला कसा जातो? आपल्या शरीरात त्यासाठी एक लोह असलेला लालसर पदार्थ असतो. त्याचे नाव सायटोक्रोम सी. कमलाबाईंनी बटाट्यापासून सुरुवात करून दाखवले की हा पदार्थ वनस्पतींच्या पेशींतही असतो. म्हणजे बैल, बैल हाकणारा माणूस आणि बैलापुढची वैरण, तिघांच्याही श्वासाची किल्ली एकाच घडणीची!

चौदा महिन्यांत काम पुरे झाले. प्रबंध लिहिला तो अवघ्या चाळीस पानांचा. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. घेऊन त्या मायदेशी परतल्या. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. बाहेर राहून मान आणि पैसा दोन्ही मिळाले असते, पण त्या आल्या. दिल्लीला वैद्यकीय महाविद्यालयात, मग कुन्नूरला पोषणाच्या प्रयोगशाळेत काम केले. १९४७ साली लग्न झाले आणि त्या मुंबईला विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या.

आजीच्या हाताला जे माहीत होते

खरे तर मला ह्यापुढचेच काम जास्त जवळचे वाटते, कारण ते आपल्या चुलीवरचे आहे.

कच्ची डाळ खाऊ नये, पोटात दुखते, हे आपल्या आज्या-पणज्या सांगत आल्या. वाल तर भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे आणि मगच शिजवायचे. का? तर रीत आहे म्हणून. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५०च्या दशकात हे 'का' शोधले. आपण खाल्लेली प्रथिने पचवण्यासाठी पोटात एक पाचकरस असतो, त्याला ट्रिप्सिन म्हणतात. कच्च्या कडधान्यांत असा एक पदार्थ असतो की जो ह्या ट्रिप्सिनचे हात बांधून ठेवतो. मग डाळीत प्रथिने कितीही असोत, ती अंगी लागत नाहीत. त्यांनी आपल्याकडची निरनिराळी धान्ये-कडधान्ये यासाठी तपासली आणि वालातला हा पदार्थ तर इतका शुद्ध करून वेगळा काढला की त्याचे स्फटिक बनले. नीट शिजवले म्हणजे ह्या पदार्थाचा जोर मोडतो. आजीचे बरोबर होते.

ह्यात व्यवहारही आहे. आपल्याकडे आता सोयाबीन घरोघरी होते. ते कच्चेच भरडून कोंबड्यांना घातले तर त्या नीट वाढत नाहीत, याचे कारण तेच. भाजून किंवा शिजवून घातले तर अंगी लागते.

आणि नीरेचे काम. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी ते हाती घेतले. ओढ्याकाठच्या शिंदीकडे आपण ताडीचे झाड म्हणूनच बघतो. पण रात्री मडके बांधून, उन्हे वर यायच्या आत उतरवलेला रस म्हणजे नीरा. ती गोड असते, तिच्यात नशा नसते. ऊन चढले की आंबायला लागते. मडक्याला आतून चुना लावतात तो हे आंबणे लांबवण्यासाठी. कमलाबाईंनी तपासून दाखवले की नीरेत अ आणि क जीवनसत्त्वे आणि लोह आहे, आणि नीरा आटवून गूळ केला तरी ही सत्त्वे टिकतात. पुढे आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायांना नीरा दिली, तेव्हा त्यांची प्रकृती सुधारल्याचे दिसले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.

आता विचार करा. एक बाई मुंबईच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या हलवते, आणि कुठल्याशा पाड्यावरच्या गरोदर बाईच्या अंगात रक्त भरते. त्या दोघी एकमेकींना कधी भेटल्या नसतील. अशा कामाचा पगार कोणत्या रजिस्टरात मांडायचा?

पण गोडच सांगू नये. त्यांना संस्थेचे संचालकपद मिळाले ते उशिरा. अंतर्गत राजकारणात चार वर्षे गेली. मान फार मागाहून आला. १९९८ साली दिल्लीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या. म्हणून जो कोणी हारतुऱ्यांसाठी या वाटेला येणार असेल त्याने येऊ नये. हार येतो, पण केव्हा येईल ते सांगता येत नाही.

खोटा आकडा

थोडे माझेही सांगतो, कारण त्या शेतकऱ्याने माझ्या तोंडाकडे बघून विचारले होते.

मास्तर होण्याआधी दोन वर्षे मी एका कारखान्यात केमिस्ट होतो. कारखान्याचे नाव घेत नाही. माल बाहेर जाण्याआधी त्याचा नमुना तपासायचा आणि कागदावर आकडा लिहून सही करायची, एवढेच काम. बोटांना चांदीच्या क्षाराचे काळे डाग कायमचे. साबणाने निघत नाहीत, कातडी झडते तेव्हाच जातात. गावी आलो की आई म्हणायची, "लेका, शिकलास म्हणे, अन् हात तर कोळसेवाल्याचे."

एकदा एका मालाचा आकडा बसेना. तीनदा तपासला, तिन्ही वेळा कमी. वरचे साहेब आले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, थोडं इकडंतिकडं चालतं. लिही." मी तेवीस वर्षांचा. घरी बहिणीचे लग्न ठरत होते. पेन हातात होते. पण ब्युरेटवरची खूण मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि ती तिन्ही वेळा एकाच जागी थांबली होती. मी लिहिले नाही. माल थांबला. पुढे चार महिन्यांनी मला काढले, कारण दुसरेच सांगितले.

त्या वेळी वाईट वाटले. बहिणीच्या लग्नाला वडिलांनी एक एकर गहाण टाकला, त्याचे आजही वाटते. पण तेव्हापासून एक गोष्ट माझ्यात बसली ती बसलीच. समोर कोणीही असो, आपण मोजले असेल तर आपण बोलू शकतो. ग्रामसभेत, शाळेत, सावकारापुढे, मी फार धीट माणूस नाही, पण मोजलेल्या गोष्टीवर मी कधी मान खाली घातली नाही. ही सवय मला रसायनाने लावली.

हळदीवर हक्क कोणाचा?

लग्नघरातली हळद डोक्यात होती म्हणून ही गोष्टही आठवली. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट मिळाले. कशाचे? तर जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे! म्हणजे खुरपे लागल्यावर आपली माय जी चिमूट दाबते, तिच्यावर कागदोपत्री मालकी सातासमुद्रापलीकडे गेली. आपल्या देशाच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याविरुद्ध दावा लावला. जुन्या संस्कृत ग्रंथांपासून १९५३ सालच्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखापर्यंत ३२ आधार पुढे ठेवले, आणि १९९७ साली अमेरिकेच्या पेटंट कचेरीने ते पेटंट रद्द केले.

त्या वेळी परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. जन्म १९४३ चा, गोव्यातल्या माशेल गावचा. लहानपणीच वडील वारले. आई अंजनीबाई मुलाला घेऊन मुंबईला आली आणि मिळेल ते काम करून तिने त्याला वाढवले. घरात उजेड नसायचा, म्हणून पोराने रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला. शाळेत भावे सरांनी एकदा मुलांना उन्हात नेले आणि भिंगाने सूर्याचे किरण एका ठिपक्यावर आणून कागद जाळून दाखवला. विज्ञानाची गोडी तिथे लागली, असे माशेलकर अनेकदा सांगतात. अकरावी मॅट्रिकला चांगल्या क्रमांकाने येऊनही पैशापायी शिक्षण सुटणार होते. टाटांच्या एका विश्वस्त निधीने महिना साठ रुपये शिष्यवृत्ती दिली म्हणून ते टिकले. मग मुंबईच्या रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेतून १९६६ साली पदवी, १९६९ साली पीएच.डी., पुढे विलायत, आणि १९७६ साली पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. तिथे ते १९८९ ते १९९५ संचालक होते.

साठ रुपयांवर शिकलेल्या पोराच्या कारकिर्दीत आईच्या हळदीचा हक्क परत आला. त्याला त्या दिवशी काय वाटले असेल, याचा हिशेब मला करता येत नाही.

पोटापाण्याचे

आता पैशाचे सांगितले पाहिजे. शेतकऱ्याच्या घरात ते टाळून चालत नाही. नुसत्या बी.एस्सी.वर सुरुवातीचा पगार बेताचा असतो. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या भागातल्या औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांत आपल्या तालुक्यातली मुले-मुली काम करतात. पाळीचे काम असते, रात्रपाळीही येते. वास असतो, उभे राहून पाय दुखतात, आणि दहापैकी सात वेळा प्रयोग फसतो. एम.एस्सी. केले तर दारे वाढतात. साखर कारखान्यात उसाच्या रसाचा ब्रिक्स पाहणारा केमिस्ट लागतो, दूध संघात लागतो, माती आणि पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत लागतो. मास्तरकीच्या जागा मात्र आता दुर्मिळ, तिच्यावर नजर ठेवून बसू नये.

शिकण्याची सोय पूर्वीपेक्षा जवळ आली आहे. संभाजीनगरला विद्यापीठ १९५८ पासून आहे. माशेलकर जिथे शिकले त्या मुंबईच्या संस्थेची शाखाही २०१८ पासून जालन्यात झाली आहे. माझ्या वेळी हे असते तर! असो.

डीएपीचा वास

आता परवाचे. पाऊस पडून वाफसा झाला, मक्याची आणि कपाशीची लावणी सुरू झाली. डीएपीची ओढाताण दर साली असतेच. त्या शेतकऱ्याने कोणा फिरत्या माणसाकडून दोन गोण्या स्वस्तात घेतल्या. पावती नाही. गोणी नवी, शिलाई नीट, दाणाही गोल.

मी बांधावरून चाललो होतो. धाकटीने हाक मारली, "सर, इकडं या." तिने गोणीतले चार दाणे तळहातावर घेतले, बापाच्या चंचीतला चुना लावला आणि तंबाखू मळतात तसे मळले. नाकाशी नेले. काही नाही. मग शेजाऱ्याच्या वावरातल्या गोणीतले दाणे आणले, ती गोणी दुकानातून पावतीवर घेतलेली. तसेच मळले. असा उग्र वास सुटला की तिच्या डोळ्यांत पाणी आले.

"डीएपीत अमोनिया असतो बापू. चुना लागला की तो मोकळा होतो. ह्या गोणीत तो नाहीच."

बापाने स्वतः मळून पाहिले. एकदा ह्या गोणीचे, एकदा त्या गोणीचे. पुन्हा ह्या गोणीचे. मग खाली बसला.

मी एवढेच सांगितले की ही परीक्षा घरगुती आहे. वास आला नाही तर डीएपी नव्हे हे कळते, पण वास आला म्हणजे माल पुऱ्या कसाचा आहे असे ठरत नाही. दुसऱ्या मिश्र खतांनाही असा वास येतो. खरा निकाल सरकारी खत तपासणी प्रयोगशाळेचा. तेव्हा गोणी उलटी करू नका, शिवण मोडली तेवढी पुरे, तशीच कृषी अधिकाऱ्याकडे न्या. आणि हात धुवा.

"पावती नाही ना पण," तो म्हणाला.

"नसू द्या. माणूस दुसऱ्या गावी अजून विकत असेल."

तो काही बोलला नाही. कॉलेजचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. संध्याकाळी पोर घरी आली ती प्रवेशाचा अर्ज दाखवायला. विषयांच्या रकान्यात तिने रसायनशास्त्र आधीच लिहिले होते. पालकाच्या सहीची जागा कोरी होती. पहिल्या वर्षाची फी आल्याच्या पैशातून निघेल असे ती म्हणाली, पण चुलते अजून कबूल नाहीत, आणि आले निघायला अवकाश आहे. मी तिला शिष्यवृत्तीचे कागद कोणते लागतात ते लिहून दिले. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बारावीची गुणपत्रिका.

आज सकाळी दोघे बापलेक त्या दोन गोण्या टेम्पोत घालून कन्नडला गेले आहेत. अर्ज तिच्या पिशवीत होता.